हौसेचा डाव आणि चुरशीचा सामना

रात्रीचें जेवण उरकल्यावर अर्धा तास करमणूक म्हणून संगणकासमोर बसणारा गृहस्थ, आणि पांच सोबत्यांसह आठवड्यांतून तीन रात्री ठरल्या वेळीं सराव करणारा तरुण, हे दोघे एकच खेळ खेळतात असें म्हटलें तर तें अर्धेंच खरें ठरेल. दोघांच्या पडद्यांवर चित्रें तींच असतात. शस्त्रें तींच, मैदान तेंच आणि शत्रूहि तसाच. परंतु पहिल्याला हवी असते घटकाभर गंमत, आणि दुसऱ्याला हवा असतो निवाडा. गमतीला अनपेक्षिताची गोडी असते, तर निवाड्याला अनपेक्षिताचें वावडें असतें. एकाच नियमावलीनें या दोन्ही भुका भागवावयाच्या कशा, हा प्रश्न इंटरनेटवर खेळल्या जाणाऱ्या सांघिक नेमबाजीच्या खेळांना प्रथमपासून भेडसावीत आला आहे.

मैदानी खेळांत हा प्रश्न सहसा उठत नाहीं. वाड्याच्या चौकांत रंगणाऱ्या क्रिकेटमध्यें एक टप्पा पडून आलेला झेलहि चालतो, आणि चेंडू शेजाऱ्याच्या कौलांवर गेला तर मारणाराच बाद होतो. त्याच मुलांपैकीं एखादा पुढें शाळेच्या संघांत गेला म्हणजे हे नियम तो चौकांतच ठेवून जातो. चौकाला मैदानाचे नियम कोणी लावीत नाहीं, आणि मैदानावर चौकाची सबब चालत नाहीं. कारण दोन्ही जागा वेगळ्या आणि दोहोंचे धनीहि वेगळे. संगणकाच्या खेळांत चौक आणि मैदान हीं दोन्ही एकाच कंपनीच्या मालकीचीं असूं शकतात, आणि एकच लेखणी दोहोंकडील नियम लिहूं शकते. अडचणीचा उगम तेथें आहे.

या अडचणीचा सर्वांत बोधप्रद इतिहास ‘टीम फोर्ट्रेस २’ या खेळाचा आहे. त्याचें मूळ १९९६ सालचें. ‘क्वेक’ नांवाच्या अमेरिकन खेळांत स्वतःची भर घालून रॉबिन वॉकर, जॉन कुक व त्यांचा एक सोबती यांनीं ऑस्ट्रेलियांत ‘टीम फोर्ट्रेस’ रचला. अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीनें या मंडळींस आपल्याकडे बोलावून घेतलें. १९९९ सालीं त्या खेळाचें एक नवें रूप निघालें, आणि दीर्घ प्रतीक्षेनंतर १० ऑक्टोबर २००७ रोजीं ‘टीम फोर्ट्रेस २’ बाजारांत आला. २०११ च्या जूनपासून तो विनामूल्य झाला. म्हणजे ज्यास संगणक आणि इंटरनेट उपलब्ध आहे अशा कोणालाहि त्याचें दार मोकळें झालें. आणि दार मोकळें झालें कीं आंत येणारांचे हेतूहि नाना प्रकारचे असावयाचे.

खेळाचें स्वरूप थोडक्यांत असें. तांबडा आणि निळा असे दोन पक्ष असतात, आणि प्रत्येक खेळाडूस नऊ पात्रांपैकीं एक निवडावें लागतें. स्काउट चपळ पण नाजूक. सोल्जर अग्निबाण सोडणारा. पायरो आगीचा फवारा मारणारा. डेमोमन सुरुंग पेरणारा. हेवी म्हणजे तोफेएवढी बंदूक पेलणारा पहिलवान. इंजिनीअर आपोआप गोळ्या झाडणारें यंत्र उभारतो, मेडिक जखमा भरून काढतो, स्नायपर दुरून नेम धरतो, आणि स्पाय शत्रूचा वेष घेऊन पाठींत सुरा खुपसतो. प्रत्येकाची प्राणशक्ति आंकड्यांनीं ठरलेली आहे: हेवीची ३००, सोल्जरची २००, स्काउटची १२५. मेलेला गडी कांहीं सेकंद थांबून आपल्या गोटांतून पुन्हां धांवत येतो, त्यामुळें मरणाचें कोणास फारसें सुतक नसतें. ठाणीं जिंकणें, दारूगोळ्याचा गाडा ढकलीत नेणें, शत्रूच्या गोटांतील कागदपत्रांची पेटी पळवून आणणें, अशीं कामें पक्षांस नेमून दिलेलीं असतात. सगळें वातावरण व्यंगचित्रासारखें आहे. त्यांत क्रौर्य असलें तरी तें खोट्या दाढीमिशांच्या नाटकांतल्याइतकेंच मनाला लागतें.

सार्वजनिक खेळ बहुधा बारा विरुद्ध बारा असा होतो. चोवीस जणांचा हिशेब ठेवणारा जो दूरचा संगणक, त्यास सर्व्हर म्हणतात. पहिल्या कांहीं वर्षांत असे पुष्कळ सर्व्हर हौशी मंडळी पदरमोड करून चालवीत. तेथें रोजचे लोक जमत. एकमेकांचीं टोपणनांवें ओळखीचीं होत. दंगा करणाऱ्यास बाहेर काढणारा कोणी ना कोणी कारभारी तेथें हजर असे. कोणीहि मध्येंच यावें, कोणीहि मध्येंच उठून जावें. एक पक्ष दुबळा पडला तर यंत्र आपण होऊन एखाद्यास पलीकडे पाठवी. रिकामी झालेली जागा क्षणांत भरे, आणि डाव जिंकला कोणी हें दुसऱ्या डावाच्या पहिल्या मिनिटांतच विसरलें जाई. नवशिक्याला खेळ कळे तो अशा ठिकाणीं. चोवीसांतला एक गडी चुकला तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, आणि अशा न दिसणाऱ्या शेंकडों चुकांनींच मनुष्य शिकतो.

या चौकांतल्या खेळाला व्हॉल्व्हनें जाणूनबुजून दैवाची फोडणी दिली होती. बहुतेक शस्त्रांच्या माऱ्यांत अवचित एखादा वार तिप्पट जोराचा निघतो. सोल्जरच्या अग्निबाणाचा मूळ घाव ९० चा. तो तिप्पट झाला म्हणजे २७० चा होतो, आणि हेवी सोडल्यास कोणतेंहि धडधाकट पात्र त्या एका बाणानें गारद होतें. असा वार निघण्याचा संभव सामान्यतः शेंकडा २ असतो, म्हणजे पन्नास बाणांत एक. मात्र गेल्या २० सेकंदांत खेळाडूनें शत्रूचें जेवढें अधिक नुकसान केलें असेल, तेवढा हा संभव वाढत जाऊन शेंकडा १२ पर्यंत पोंचतो. हातघाईच्या शस्त्रांना तर तो मुळांतच शेंकडा १५ असतो; म्हणून तळण्याचा तवा घेऊन धांवत सुटलेला नवशिका कधीं कधीं नामांकित खेळाडूस लोळवितो, आणि तो प्रसंग मित्रांना महिनाभर ऐकवितो.

हौशी खेळाडूस हें दैव प्रिय असतें, यांत नवल नाहीं. त्याला आपल्या कौशल्याच्या पलीकडचें एखादें यश अधूनमधून पदरांत पडतें, आणि हरल्यास दोष दैवाच्या माथीं मारतां येतो. परंतु वरील हिशेब बारकाईनें पाहिला तर एक विसंगति उघडी पडते. ज्यानें आधींच अधिक नुकसान केलें त्याचाच संभव वाढतो. म्हणजे हें दैव आंधळें नसून बलवंताच्या बाजूला झुकलेलें आहे. नवशिक्याच्या नांवानें ठेवलेल्या या दानपेटींतील मोठा वांटा तरबेज खेळाडूच घेऊन जातो. तरीहि नवशिक्याची तक्रार नसते, कारण शंभरांतले दोन का होईनात, ते त्याला मिळतात आणि लक्षांतहि राहतात. चुरशीनें खेळणारांनीं मात्र पहिल्यापासून हा दैवाचा भाग बंद करून टाकला. त्यांच्या सामन्यांत तिप्पट वार अवचित निघत नाहीं, आणि बंदुकीचे छर्रेहि दर वेळीं एकाच ठराविक आकृतींत फांकतात. महिनाभराची तालीम एका अवचित बाणानें मातींत जावी, हें त्यांना कसें खपावें?

चुरशीचा खेळ खेळाडूंनीं स्वतःच घडविला, ही गोष्ट येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. युरोपांत व अमेरिकेंत त्यांनीं साखळी सामन्यांच्या संस्था काढल्या आणि नियम लिहिले. त्यांनीं पहिली गोष्ट केली ती संख्या निम्म्यावर आणण्याची: बारांच्या जागीं सहा. ठरल्या वेळीं सहा माणसें जमविणें शक्य असतें, बारा जमविणें दुरापास्त, हें एक कारण उघडच आहे. परंतु याहून खोल कारण मेडिकच्या पात्रांत सांपडतें. मेडिक जखमी सोबत्यास सतत बरें करीत राहिला तर ४० सेकंदांत त्याच्या यंत्रांत एक शक्ति सांठते. ती सोडली कीं तो आणि त्याचा सोबती ८ सेकंद अवध्य होतात. मात्र ती सोडण्यापूर्वींच मेडिक मेला तर सांठलेलें सर्व फुकट जातें. प्रत्येक पक्षांत एकच मेडिक असला म्हणजे सारा सामना या चाळीस आणि आठ सेकंदांच्या हिशेबावर फिरतो. शत्रूचा मेडिक केव्हां मेला, त्याची शक्ति आतां कोठवर आली असेल, आपली आधीं भरेल कीं त्याची, हें सहाहि जण मनांत मोजीत असतात. आपली आधीं भरणार असें दिसलें तर चालून जावयाचें, नाहीं तर माघार घेऊन दम धरावयाचा. बुद्धिबळांत घोडा मारला गेल्यावर पटाकडे पाहण्याची दृष्टि बदलते, तसा हा प्रकार होतो. बारांच्या गर्दींत एका पक्षांत तीन मेडिक असूं शकतात, कधीं एकहि नसतो. तेथें हा हिशेब धरतांच येत नाहीं, आणि धरणाराची कोणी पर्वाहि करीत नाहीं.

या सुटसुटीतपणाची किंमत द्यावी लागली. सहांच्या संघांत बहुधा दोन स्काउट, दोन सोल्जर, एक डेमोमन आणि एक मेडिक असतो. बाकीचीं पांच पात्रें विशिष्ट प्रसंगीं क्षणभर पुढें येतात आणि पुन्हां विंगेंत जातात. ज्याला इंजिनीअर होऊन यंत्रें उभारण्यांतच आनंद वाटतो, त्यास या सामन्यांत जागा नाहीं. तो मनुष्य हा सामना पाहतो तेव्हां आपल्या आवडत्या खेळांतील निम्म्याहून अधिक मजकूर गाळून टाकल्यासारखें त्याला वाटतें, आणि त्याचें तें वाटणें अगदींच चुकीचें नाहीं. या तक्रारीवर उतारा म्हणून खेळाडूंनींच दुसरा एक प्रकार काढला. त्यांत प्रत्येक पक्षांत नऊ गडी असतात आणि प्रत्येक पात्र एकदांच येतें. ‘हायलँडर’ या नांवानें तो ओळखला जातो. हौशी खेळांतून वर येऊं पाहणाऱ्या अनेकांना हीच पहिली पायरी सोयीची वाटली, कारण आपलें आवडतें पात्र टाकून न देतां तेथें चुरशीची चव घेतां येते.

शस्त्रांच्या बाबतींतहि असेंच झालें. २९ एप्रिल २००८ रोजीं मेडिकला तीन नवीं हत्यारें मिळालीं, आणि त्यानंतर व्हॉल्व्हनें एकामागून एक पात्राला नवीं नवीं शस्त्रें देण्याचा सपाटा लावला. हौशी खेळाडूला नवें शस्त्र म्हणजे दिवाळीच. तें उपयोगाचें आहे कीं नाहीं यापेक्षां तें नवें आहे हेंच त्याला पुरें. सहाच्या संघाला तेंच शस्त्र म्हणजे बसलेली घडी विसकटणारी भानगड. गर्दींत निरुपद्रवी ठरणारें एखादें हत्यार सहांच्या हिशेबांत असह्य होतें. तर गर्दींत उच्छाद मांडणाऱ्या यंत्राला सहा कसलेले गडी सहज बाजूला सारतात. म्हणून साखळी सामन्यांच्या संस्था निषिद्ध शस्त्रांच्या याद्या ठेवीत. अशा परिस्थितींत कंपनीनें एखाद्या शस्त्राचा घाव पांचानें कमी केला तर तो कोणासाठीं कमी केला, असा प्रश्न उभा राहतो. एका घरीं औषध ठरणारी मात्रा दुसऱ्या घरीं अपाय करते.

इतकें असूनहि सुमारें नऊ वर्षें हीं दोन घरें शेजारीं शेजारीं सुखानें नांदलीं. चौकांतला खेळाडू वाटल्यास साखळी सामन्यांकडे जाई, न वाटल्यास जन्मभर चौकांतच राही. यांत पहिला मोठा बदल झाला तो ७ जुलै २०१६ रोजीं. त्या दिवशीं व्हॉल्व्हनें सहा विरुद्ध सहा अशा चुरशीच्या सामन्यांची सोय खेळाच्या मुख्य दारांतच करून दिली. खेळाडूनें कळ दाबावी, यंत्रानें त्याच्या तोडीचे सोबती व प्रतिस्पर्धी शोधावे, निकालाप्रमाणें त्याची पायरी वर किंवा खालीं सरकावी. हेतु चांगलाच होता. साखळी सामन्यांच्या संस्था नवख्याला परक्या आणि दुर्गम वाटत. हें दार त्याच्या घरांतच उघडलें होतें. परंतु येथें अवचित वार काढून टाकला असला, तरी पात्रांवर मर्यादा नव्हती आणि शस्त्रांवर बंदीहि नव्हती. साखळी सामन्यांतले खेळाडू आंत आले आणि आपला खेळ येथें नाहीं असें पाहून बाहेर पडले. नवखा तेथें राहिला, पण त्याला शिकविणारें कोणी राहिलें नाहीं.

खरी कुऱ्हाड मात्र चौकावर पडली. तोंवर हौशी खेळाडूस एक कळ दाबून कोणत्याहि चालू डावांतल्या रिकाम्या जागीं जाऊन बसतां येई. ती सोय त्याच दिवशीं काढून टाकण्यांत आली, आणि तिच्या जागीं ‘कॅज्युअल’ या नांवाचा नवा प्रकार आला. नांव हौसेचें, पण घडण सामन्याची. चोवीस माणसें यंत्र गोळा करणार, त्यांचे दोन पक्ष यंत्र पाडणार, सामना शेवटास नेणार, आणि त्याबद्दल खेळाडूस गुण मिळून त्याची पायरी वाढणार. पहिल्या दिवसांत तर मध्येंच उठून जाणाऱ्यास शिक्षा म्हणून पुढचा खेळ मिळण्यास तिष्ठत बसावें लागे. रांगा लांबल्या. कोणत्या पक्षांत खेळावें हें मित्रांना ठरवितां येईना. सामना संपतांच जमलेले लोक पांगूं लागले, आणि अर्धा तास ज्याच्याशीं गंमतीनें भांडावें तो पुन्हां भेटेल कीं नाहीं याची शाश्वति उरली नाहीं. खेळाडूंनीं एवढा गिल्ला केला कीं उठून जाण्याबद्दलची शिक्षा थोड्याच दिवसांत रद्द करावी लागली, आणि पुढें हवीं तीं मैदानें निवडण्याची मुभाहि मिळाली. मात्र एक गोष्ट परत आली नाहीं. खाजगी सर्व्हर बंद झाले नव्हते, तरी मुख्य दारांतून येणारा नवा मनुष्य आतां त्यांच्याकडे वळेना. रोजची वर्दळ आटल्यावर त्यांपैकीं अनेकांचे दिवे एकेक करून मालवले.

कंपनीचा हिशेब चुकला कोठें? चुरशीच्या सामन्यांत उठून जाणें हा अपराध आहे, कारण सहांतला एक गेला तर उरलेल्या पांचांची संध्याकाळ वाया जाते. चौकांत उठून जाणें हा हक्क आहे. किंबहुना तोच चौकाचा प्राण आहे. मूल रडतें आहे, दारावरची घंटा वाजते आहे, किंवा नुसताच कंटाळा आला आहे, तर मनुष्यानें उठावें. त्याची जागा भरणारा दुसरा आहेच. ही ये-जा थांबविली कीं हौशी खेळाडूवर सामन्याचें ओझें पडतें, आणि त्या मोबदल्यांत मिळणारा निवाडा तर त्यानें कधीं मागितलेलाच नसतो. शस्त्रांच्या आंकड्यांवर वर्षानुवर्षें काथ्याकूट होत असतो. पण हौस आणि चुरस यांचा तोल सांभाळतांना घावांच्या आंकड्यांपेक्षां या साध्या ये-जा करण्याच्या नियमाचें वजन अधिक पडतें, असें या प्रकरणावरून दिसतें.

तोडीस तोड जोड्या जुळविण्याच्या गणिताविषयींहि येथें थोडें सांगणें अवश्य आहे. त्याचें मूळ बुद्धिबळांत आहे. हंगेरींत जन्मलेले अमेरिकन पदार्थविज्ञानी आर्पाड एलो यांनीं खेळाडूंचें बळ आंकड्यांत मोजण्याची एक पद्धति बसविली. ती अमेरिकेंतील बुद्धिबळ-संस्थेनें १९६० सालीं आणि जागतिक संस्थेनें १९७० सालीं स्वीकारली. दोघांच्या आंकड्यांत २०० चें अंतर असेल तर वरचढ खेळाडूनें चार गुणांपैकीं सुमारें तीन मिळवावे, असा तिचा अंदाज असतो. तसें न घडलें तर दोघांचे आंकडे त्याप्रमाणें खालींवर होतात. बुद्धिबळांत दोनच माणसें असल्यामुळें हें सरळ आहे. सांघिक खेळांत बारांच्या विजयाचें श्रेय कोणाकडे किती, हें निकालावरून समजत नाहीं. शेंकडों सामन्यांची सरासरी काढावी तेव्हां कोठें एकेकाचें बळ धूसर दिसूं लागतें. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेली ‘ट्रूस्किल’ ही पद्धति मुद्दाम अशा संघांसाठीं रचलेली आहे. तींत प्रत्येक खेळाडूच्या बळाबरोबरच त्या अंदाजाची अनिश्चिततासुद्धां मोजली जाते. परंतु या सर्व गणिताच्या मुळाशीं एक गृहीत असतें, तें असें कीं प्रत्येक खेळाडू जिंकण्यासाठींच खेळत आहे. चौकांत तें खोटें पडतें. काल जो नामांकित सोल्जर होता तो आज तवा घेऊन नाचण्यासाठीं आला असेल. यंत्र त्याचें नाचणेंहि मोजतें आणि त्यावरून अनुमान काढतें! शिवाय जोड जितकी नेमकी हवी तितकें थांबणें अधिक, आणि अर्धाच तास मोकळा असलेल्या गृहस्थाचीं त्यांतलीं दहा मिनिटें थांबण्यांत गेलीं तर जोड कितीहि उत्तम मिळो, तो दुसऱ्या दिवशीं येत नाहीं.

याच सुमारास ब्लिझार्ड कंपनीचा ‘ओव्हरवॉच’ हा तसल्याच घडणीचा खेळ निघाला. २४ मे २०१६ रोजीं तो प्रसिद्ध झाला, आणि थोड्याच आठवड्यांत त्यांत चुरशीचा विभाग उघडला. त्याची वाट उलट्या दिशेची होती. ‘टीम फोर्ट्रेस २’ चौकांतून मैदानाकडे गेला. ‘ओव्हरवॉच’ मध्यें मोठमोठ्या व्यावसायिक सामन्यांची तयारी प्रथमपासून होती. तेथें २०१८ व २०१९ या काळांत व्यावसायिक संघांनीं एक जवळजवळ अभेद्य व्यूह शोधला: तीन दणकट ढालकरी आणि तीन शुश्रूषक, नुसता मारा करणारा एकहि नाहीं. सामने एकसुरी होऊं लागले. त्यावर उपाय म्हणून २०१९ सालीं नियम झाला कीं प्रत्येक संघांत दोन ढालकरी, दोन मारेकरी आणि दोन शुश्रूषक असेच असले पाहिजेत. हा नियम चुरशीच्या विभागापुरता न ठेवतां रोजच्या खेळालाहि लावण्यांत आला. परिणाम असा झाला कीं, मारेकरी होण्याची इच्छा बहुसंख्य लोकांना असल्यामुळें त्यांच्या रांगा लांबच लांब गेल्या, आणि ढालकऱ्याची जागा मात्र चटकन मिळूं लागली. जुन्या मोकळ्या पद्धतीचा एक विभाग बाजूला राखून ठेवावा लागला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘ओव्हरवॉच २’ आला तेव्हां संघांतील एक ढालकरी कमी करून पांच विरुद्ध पांच असा खेळ करण्यांत आला. आणि २०२४ च्या डिसेंबरांत त्याच कंपनीनें सहाच्या संघांचा प्रयोग पुन्हां करून पाहिला. व्यासपीठावरचा एक दोष काढण्यासाठीं केलेला नियम प्रेक्षकांच्या घरांतल्या खेळापर्यंत कसा उतरतो आणि तेथें कोणाचा किती वेळ खातो, याचें याहून स्वच्छ उदाहरण सांपडणें कठीण.

‘टीम फोर्ट्रेस २’ च्या चौकावर पुढें आणखी एक संकट आलें, आणि तें कारभाऱ्याच्या अभावीं आलें. २०२० च्या सुमारास कॅज्युअल सामन्यांत माणसांऐवजीं यंत्रें खेळूं लागलीं. स्नायपरचें पात्र घेऊन तीं निमिषांत अचूक नेम साधीत, आणि समोर दिसेल त्यास मारीत सुटत. जुन्या खाजगी सर्व्हरवर असा उपद्रव कारभाऱ्यानें दहा सेकंदांत निपटला असता. येथें कारभारी नव्हता. खेळाडूंनीं मतें देऊन एकेकास बाहेर काढावें एवढाच उपाय होता, आणि यंत्रांची संख्या वाढली कीं मतेंहि त्यांचींच अधिक होत. मे २०२२ मध्यें खेळाडूंनीं कंपनीकडे सामुदायिक गाऱ्हाणें मांडलें. जून २०२४ मध्यें तें पुन्हां मांडावें लागलें, आणि त्यानंतर कंपनीनें अशा खात्यांवर मोठ्या संख्येनें बंदी घातली. या साऱ्या काळांत साखळी सामने बरेचसे निर्वेध चालले, कारण त्यांच्या सर्व्हरवर माणसांची नजर होती. हौशी खेळाडूपैकीं ज्यांना खाजगी सर्व्हरचा पत्ता ठाऊक होता ते तिकडे गेले. ज्यांना ठाऊक नव्हता, आणि त्यांत सगळे नवे आले, त्यांनीं पहिल्या संध्याकाळींच खेळ मिटून ठेवला असेल.

आज जे खाजगी सर्व्हर टिकून आहेत, त्यांवर दोन्ही घरांचे नियम वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळलेले आढळतात. कांहीं ठिकाणीं चोवीस जागा, मोकळी ये-जा आणि सर्व शस्त्रें आहेत, पण अवचित वार बंद. कांहीं ठिकाणीं अवचित वार चालू, पण एका पक्षांत स्नायपर किती असावेत याला मर्यादा. कोठें नियम कडक वाटले तर मनुष्य उठून शेजारच्या सर्व्हरवर जातो, आणि कारभाऱ्यालाहि आपला सर्व्हर ओस पडलेला पाहवत नाहीं. म्हणून नियम हलके हलके तेथील नेहमीच्या मंडळींच्या मापाचे होत जातात. १८ फेब्रुवारी २०२५ रोजीं व्हॉल्व्हनें या खेळाची मूळ संगणक-संहिता सर्वांसाठीं खुली केली. अट एवढीच कीं तिच्यावरून केलेल्या खेळाचे पैसे घ्यावयाचे नाहींत. १९९६ सालीं ऑस्ट्रेलियांतील तिघांनीं ‘क्वेक’वर जें काम केलें, तें आतां कोणालाहि ‘टीम फोर्ट्रेस २’ वर करतां येतें, आणि किती माणसांचा संघ करावा, दैव किती ठेवावें, मध्येंच उठूं द्यावें कीं नाहीं, हें ज्याचें त्याला ठरवितां येतें.